एकोणसाठ छापे

डिसेंबरमध्ये एका लग्नाच्या निमित्ताने लातूरला बहिणीकडे चार दिवस राहिलो होतो. शेवटच्या रात्री साडेदहाच्या सुमारास, घरात निजानीज झाल्यावर, माझी दहावीतली भाची मुक्ता बैठकीच्या खोलीत शहाबादी फरशीवर मांडी घालून बसली होती आणि पाच रुपयांचे एक नाणे अंगठ्याच्या नखावरून पुन्हा पुन्हा उडवीत होती. नाणे फरशीवर आपटले की आधी एक टणत्कार होई, मग ते स्वतःभोवती गरगरत राही, आणि गरगर संपत आली की त्याचा आवाज उलट अधिकच घाईचा होऊन एकाएकी थांबे. दोनदा ते दिवाणाखाली गेले आणि तिने ते खराट्याने ओढून काढले. दिवाणाखालची फेक धरायची की नाही, असे तिने मला विचारले, तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोके न काढता ‘धर’ म्हणालो. गणिताच्या उपक्रम वहीत तिने दहा ओळी आणि दहा रकाने आखले होते आणि प्रत्येक चौकटीत ती पेन्सिलीने, दाबून, ‘छ’ किंवा ‘का’ लिहीत होती. प्रश्न असा होता : एक नाणे १०० वेळा उडवा, निरीक्षणे नोंदवा, छापा पडण्याची प्रायोगिक संभाव्यता काढा आणि ती सैद्धान्तिक संभाव्यतेशी ताडून पाहा.

शंभरावी फेक झाल्यावर तिने चौकटी मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाली, “मामा, एकोणसाठ आले.” मी म्हणालो, “बरं मग?” “पन्नास यायला पाहिजेत ना.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, भाजीत मीठ जास्त झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा जो स्वर असतो, तो होता. चौथ्या ओळीच्या शेवटी आणि पाचव्या ओळीच्या सुरुवातीला मिळून सलग सात छापे पडले होते, त्यांवर पेन्सिलीचे टोक ठेवून ती म्हणाली, “हे तर कुणालाही खोटंच वाटेल.” मग तिने खोडरबर घेतले. सातांच्या माळेतले दोन छापे तिने काटे केले, उरलेले सहा निरनिराळ्या ओळींतून उचलले, वहीवरचा चुरा फुंकरीने उडवला आणि खाली लिहिले : एकूण छापे ५१. ‘पन्नासच का नाही केलेस?’ असे मी विचारले, तर ती म्हणाली, “बरोबर पन्नास लिहिले तर मॅडमना संशय येईल.” मी हसलो. त्या हसण्यात थोडे कौतुकही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी सातच्या गाडीने मी पुण्याला निघून आलो.

बार्शी मागे पडेपर्यंत मला काही वाटले नव्हते.

खिडकीबाहेर कापलेल्या उसाची शेते सरकत होती आणि माझ्या डोक्यात मात्र ते सात छापे बसून राहिले. त्या रात्री मी तिला काय सांगायला हवे होते, याचा हिशेब मी तिकिटाच्या मागच्या बाजूला करून पाहिला. नाणे अगदी निर्दोष धरले, तरी १०० फेकींत बरोबर ५० छापे पडण्याची संभाव्यता आठ टक्क्यांच्या आसपास भरते. आणि पन्नासापासून नऊ किंवा अधिक पावले दूर जाण्याची, म्हणजे ५९ व त्यापुढे किंवा ४१ व त्याखाली जाण्याची, संभाव्यता मिळून नऊ टक्क्यांच्या आसपास येते. याचा अर्थ, साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने खरोखरच नाणे उडवले तर पाचेक मुलांना नेमके पन्नास छापे मिळतील आणि तितक्याच मुलांना मुक्तासारखे, किंवा तिच्याहूनही दूरचे, काही तरी मिळेल. तिला आलेले उत्तर ज्या उत्तराला सगळे जण ‘बरोबर’ समजतात त्या उत्तराइतकेच साधे, रोजचे होते. सलग सातांची गोष्ट तर याहून मजेची आहे. शंभर फेकींत एकाच बाजूची सहा किंवा अधिक फेकींची माळ निदान एकदा तरी लागण्याची संभाव्यता सुमारे ८० टक्के आहे, आणि सातांची माळ लागण्याचीही निम्म्याहून किंचित जास्तच. मनाने रचलेल्या यादीत मात्र अशी माळ सहसा नसते, कारण तीन-चार छापे ओळीने लिहिले की लिहिणाऱ्याचा हात आपोआप काट्याकडे वळतो. म्हणजे चाणाक्ष शिक्षकाने संशय घ्यायचा तर तो ज्या वहीत माळ नाही त्या वहीचा घ्यायला हवा. मुक्ताने खरे वाटावे म्हणून वहीतली तेवढीच खूण पुसली होती, जिच्यावरून ती खरी आहे हे ओळखता आले असते.

तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही, हेही त्याच प्रवासात आठवले. अकरावीला पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग असे. दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा, कडा झिजलेले स्टॉपवॉच, वीस आंदोलनांचा वेळ, आणि शेवटी गुरुत्व त्वरणाची किंमत. ती ९.८ च्या आसपास यावी लागते हे सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यामुळे आम्ही उत्तर आधी लिहीत असू आणि तिथून मागे चालत निरीक्षणांचा तक्ता भरत असू. आमच्या गटातला एक मुलगा या उलट्या चालीत इतका तरबेज होता की त्याच्या तक्त्यात दशांश स्थळी थोडी चूकही पेरलेली असे. परीक्षकाला गोष्ट पटावी म्हणून. वही पाहून परत देताना सर जे ‘बरोबर’ लिहीत, त्याचा लंबकाशी काही संबंध नव्हता. फरक इतकाच की लंबकाच्या बाबतीत निसर्गाची एक किंमत खरोखरच ठरलेली आहे आणि आमचे आळशी हात तिच्यापर्यंत पोचत नव्हते. नाण्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. तिथे न जुळणे ही हाताची चूक नसून त्या खेळाचा स्वभावच आहे, आणि ‘ताडून पाहा’ असे लिहिणाऱ्या प्रश्नाला तोच पाहून हवा होता. मुक्ताने ताडून पाहण्याऐवजी जुळवून टाकले, आणि शेजारी बसलेल्या मामाने ते होऊ दिले.

पाठ्यपुस्तकात सैद्धान्तिक संभाव्यतेची व्याख्या सुटसुटीत आहे. अनुकूल निष्पत्तींच्या संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागायचे, बस्स. मात्र त्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, असाव्या लागतात, आणि हा शब्द पाठ करताना त्याच्या आत किती मोठे गृहीत बसले आहे याकडे कुणाचे लक्ष जात नाही. नाण्याला दोन बाजू आहेत आणि त्यांच्यात पडण्याच्या दृष्टीने उजवे-डावे काही नाही, असे आपण नाण्याकडे पाहून, त्याला हातही न लावता, कबूल करतो. एक छेद दोन हे उत्तर त्या कबुलीतून निघते. कबुली देण्याजोगी वस्तूच हातात नसेल तर काय करायचे, हा प्रश्न मला त्या गाडीत आजीच्या डबीपाशी घेऊन गेला.

आमच्या घरात कवड्या दोन ठिकाणी असत. देवघरात तुळजापूरहून आणलेली कवड्यांची माळ होती. तिला आंघोळ केल्याखेरीज कुणी हात लावीत नसे. खेळायच्या चार कवड्या निराळ्या, तपकिरीच्या एका जुन्या पत्र्याच्या डबीत असत, आणि डबी उघडली की अजूनही तपकिरीचा अंधूक तिखट वास येई. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी, बाहेर रस्त्यावर कुत्रेही नसायचे अशा वेळी, आजी ओसरीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायची आणि फुल्यांची घरे काढायची. काही भागांत या खेळाला चल्लस-आठ म्हणतात. आम्ही नुसते ‘कवड्या’ म्हणत असू. दानाचा हिशेब सोपा होता. जितक्या कवड्या उताण्या, म्हणजे तोंड वर करून, पडतील तितकी घरे सोंगटीने चालायचे. चारही उताण्या पडल्या तर चौक, आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. चौक किंवा आठ पडला की आणखी एक दान. आजी दोन्ही तळव्यांच्या पोकळीत कवड्या खुळखुळवीत राहायची, इतका वेळ की आम्ही कंटाळून ‘टाक ना गं’ म्हणायचो, आणि मग ती हात उघडायची. तिचा एक ठाम अनुभव होता : चौक ‘येतो’, आठ ‘आणावा लागतो’. आणावा लागतो म्हणजे काय, हे तिने कधी सांगितले नाही. मला वाटायचे की खुळखुळवण्यात काही कसब आहे, म्हणून मी तिच्या बोटांकडे टक लावून पाहत बसे आणि त्या नादात माझी सोंगटी मारली जाई.

नाण्याचा नियम कवडीला लावला, उताणी आणि पालथी यांना समसमान धरले, तर चारही उताण्या आणि चारही पालथ्या या दोन्ही दानांची संभाव्यता सारखीच येते : सोळात एक. मग चारही पालथ्यांना दुप्पट घरे का द्यायची, आणि आजीला आठ दुर्मीळ का वाटायचा? बहिणीने निघताना मला लाडवांच्या डब्याबरोबर आजीची डबीही दिली होती, ती गाडीत माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. पुण्याला पोचल्यावर दोन संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून चारही कवड्या १२५ वेळा टाकल्या. पहिल्या पंचवीस दानांपर्यंत गंमत वाटते, पन्नासापाशी कंटाळा येतो, आणि ऐंशीच्या पुढे माणसाला आपण काय करतो आहोत असा प्रश्न पडून तो मिटतोही. बायको स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. शेवटी जो तक्ता हाती आला तो असा : एकही उताणी नाही, म्हणजे आठ, ४ वेळा, एक २३ वेळा, दोन ४२ वेळा, तीनही ४२ वेळा, आणि चौक १४ वेळा. कवड्या सुट्या मोजल्या तर ५०० पडण्यांपैकी २८९ उताण्या.

आजीचा ‘येतो’ आणि ‘आणावा लागतो’ यांच्यातला फरक माझ्यासमोर चौदा आणि चार असा पडला होता.

इथे मला थांबून स्वतःशी भांडावे लागले. मुक्ताचे पन्नासावरचे नऊ छापे मी ‘होते असे’ म्हणून सोडून दिले होते, मग कवड्यांचे अडीचशेवरचे एकोणचाळीस तसेच का सोडू नयेत? उत्तर असे की भटकण्यालाही एक माप आहे. निर्दोष नाण्याच्या १०० फेकी घेतल्या तर छाप्यांची संख्या पन्नासाच्या आजूबाजूला साधारण पाचांच्या पावलाने हलते. नऊ म्हणजे दोन पावलेही नव्हेत. फेकी ५०० झाल्या तर ते पाऊल पाचपट होत नाही, जेमतेम अकरापर्यंत जाते; फेकींच्या वर्गमुळाच्या गतीने ते वाढते. एकोणचाळीस म्हणजे साडेतीन पावले, आणि इतके दूर एखादे निःपक्षपाती नाणे क्वचितच जाते. त्यामुळे पहिल्या वेळी शंका आपल्या अपेक्षेवर घ्यायला हवी आणि दुसऱ्या वेळी वस्तूवर. ज्या कवडीचे पोट सपाट आणि पाठ फुगीर, जिच्या तोंडाशी दातेरी चीर, तिने दोन्ही बाजूंवर सारखेच पडावे असे कुणी ठरवले? हे मी या चार कवड्यांविषयी, या चादरीवर, म्हणतो आहे. ओसरीच्या फरशीवर आकडे बदलतील. नाण्याच्या बाबतीत आपल्याजवळ आधी एक छेद दोन असते आणि मग आपण फेकतो. कवडीच्या बाबतीत फेकल्यावाचून लिहिण्यासारखे काहीच नसते. आजीने आयुष्यभरात किती हजार दाने टाकली असतील. तिचे ‘आणावा लागतो’ हा त्या सगळ्या दानांचा, कागदावर न उतरलेला, तक्ता होता.

नळाची गोष्ट याच ओसरीवर ऐकलेली. बाहुक झालेला नळ राजा ऋतुपर्णाचा रथ हाकत विदर्भाकडे निघाला आहे, दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची घाई आहे, आणि वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण झाडाकडे नुसते पाहून सांगतो की त्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत. लहानपणी मला ऋतुपर्णाचेच आश्चर्य वाटायचे. आता गोष्टीतला दुसरा माणूस आवडतो. नळ रथ थांबवतो आणि म्हणतो की मी मोजून पाहीन. राजा म्हणतो, उशीर होतो आहे. नळ ऐकत नाही, झाड पाडतो, फळे मोजतो, आणि ती सांगितल्याइतकीच भरतात. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय म्हणजे फाशांची विद्या देतो, आणि त्या काळचे फासे बेहड्याचीच फळे असत, हे लक्षात घेतले की ती गोष्ट भलत्याच ठिकाणी घट्ट विणलेली दिसते : न मोजता अंदाज सांगणे आणि फासे जाणणे ही एकाच माणसाजवळची एकच विद्या आहे. फक्त एका जागी गोष्ट मला आता फसवी वाटते. मोजणी अंदाजाशी नेमकी जुळते. दोन हजार पंच्याण्णव म्हणजे दोन हजार पंच्याण्णव, एक कमी नाही की जास्त नाही. एखादे फळ कमी भरले असते आणि तरीही नळाने मान डोलावली असती, तर आमच्यासारख्या ऐकणाऱ्या पोरांना पुढे प्रयोगशाळेत निराळे वागता आले असते का, असा एक भाबडा विचार मनात येऊन गेला.

मोजत बसलेल्या माणसांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो जॉन केरिक. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिकवणारा हा गणिती १९४० च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला सासुरवाडीस गेला होता आणि नेमकी तेव्हाच जर्मनीने डेन्मार्कवर स्वारी केली. त्याला युद्ध संपेपर्यंत हाल्ड इथल्या छावणीत स्थानबद्ध राहावे लागले. तिथे त्याने आणि एका सोबत्याने एक नाणे दहा हजार वेळा उडवले आणि प्रत्येक निकाल लिहून ठेवला. १९४६ मध्ये त्याने ते सारे पुस्तकरूपाने मांडले. दहा फेकींत त्याला ४ छापे मिळाले. पन्नासाव्या फेकीपाशी बरोबर २५ होते, आणि तिथे तो थांबला असता तर दुनियेत सगळे सुरळीत आहे असे त्याला वाटले असते. पण शंभरापाशी छापे ४४ वरच होते. हजारापाशी ५०२ झाले आणि दहा हजारांपाशी ५०६७. या आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत बसलो. सहा कमी, मग दोन जास्त, मग सदुसष्ट जास्त. ‘फेकी वाढवल्या की प्रयोग सिद्धान्ताच्या जवळ येतो’ असे आपण जे सहज म्हणतो, ते छाप्यांच्या संख्येला लागू पडत नाही. ती संख्या निम्म्यापासून दूर जाऊ शकते आणि बहुधा जातेच. जवळ येते ते प्रमाण : ०.४४, ०.५०२, ०.५०६७. त्यातही बारकाईने पाहिले तर हजारापाशी तो निम्म्याच्या जितका जवळ होता तितका दहा हजारांपाशी नाही. नऊ हजार फेकी जास्त करून माणूस किंचित लांब गेला! याकोब बेर्नुलीच्या, १७१३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या, सिद्धान्तात, म्हणजे फेकी वाढत गेल्या की प्रमाण खऱ्या संभाव्यतेजवळ येते या नियमात, ही वाट सरळ असल्याचे आश्वासन कुठेही नाही. आमच्या ओसरीवर चार वेळा आठ हुकला की कुणी तरी ‘आता येणारच’ म्हणायचे, आणि चुकून आला तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडायची. मागच्या फेकींचे देणे कवडी पुढच्या फेकींत फेडीत नाही. पुढच्या फेकींचा ढीग इतका वाढतो की ते देणे त्याखाली दिसेनासे होते, एवढेच.

त्याच छावणीत केरिकने एका बाजूला शिसे चढवलेली लाकडी चकतीही उडवून पाहिली होती, हे वाचले तेव्हा मला आजीच्या डबीची आठवण होऊन उगाच बरे वाटले.

आणि नाण्याची कबुली तरी पक्की आहे का? पर्सी डायकोनिस या गणितीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये गतिशास्त्राच्या आधारे असे दाखवले होते की हाताने उडवून हातावर झेललेले नाणे ज्या बाजूने सुरुवात करते त्याच बाजूवर किंचित अधिक वेळा, साधारण ५१ टक्के, येईल. २०२३ मध्ये फ्रांतिशेक बार्तोश आणि त्याच्या साथीदारांनी ३,५०,७५७ फेकी करून पाहिल्या आणि त्यांना ५०.८ टक्के मिळाले. मुक्ता दर वेळी छापाच वर ठेवून उडवीत होती, हे मला आठवते. पण तिचे नाणे झेललेले नव्हते, फरशीवर गरगरलेले होते, आणि झेललेले असते तरी एवढ्याशा झुकावाने शंभरात नऊ छापे वाढत नाहीत. तिच्या एकोणसाठांना कुठलेही कारण नव्हते. माणसाला बिनकारणाची गोष्ट लिहून ठेवणे जड जाते, आणि खोडरबर हाताशी असते.

माझे वडील शाळेत फारसे टिकले नाहीत, पण या बाबतीत त्यांचा हात स्थिर होता. दर मे महिन्यात ते घरच्या सोयाबीनची उगवण तपासायचे. ओले केलेले गोणपाट अंगणात पसरायचे, त्यावर दहा-दहांच्या दहा ओळींत बोटभर अंतराने शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरे गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि ती रांजणामागच्या सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडली की कुजट, गोडसर असा एक वास यायचा आणि पांढऱ्या मोडांच्या ओळींत न उगवलेले दाणे फुगून पडलेले दिसायचे. सत्तर टक्के उगवण ही रेघ. तिच्याखाली गेले तर पेरताना बियाणे वाढवायचे. एका वर्षी मी पहिली गुंडाळी मोजली आणि ६६ भरले. मी लहान तोंडी मोठा घास घेत म्हणालो की चार दाणे इकडेतिकडे, सत्तर धरून टाकू. वडिलांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. “एका गुंडाळीचं काय ऐकायचं,” म्हणत त्यांनी दुसरी उलगडली; ७४. तिसरी, ७१. तिन्ही मिळून तीनशेत २११. त्यांनी तिन्ही आकडे दाराच्या चौकटीवर कोळशाने एकाखाली एक लिहिले, ६६ सुद्धा, आणि पेरणीच्या वेळी एकरी दोन किलो बियाणे जास्तच धरले. दाण्याच्या आत मोड येणार की नाही हे कुठल्याही व्याख्येतून निघत नाही. तिथे ताडून पाहायला पुस्तकातला आकडा नसतो, म्हणून खोडायचा मोहही नसतो, असे मला पूर्वी वाटायचे. पण मोह मला झाला होता. सत्तरची रेघ होतीच की.

फेब्रुवारीत पुन्हा लातूरला गेलो तेव्हा उपक्रम वही तपासून परत आली होती. त्या पानावर लाल शाईत ‘छान’ आणि खाली सही. मी मुक्ताला माझा तिकिटावरचा हिशेब समजावून सांगितला, साठ मुले आणि पाचेक पन्नास, पाचेक एकोणसाठ. ती शांतपणे ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, “मग आमच्या वर्गात सगळ्यांचे अठ्ठेचाळीस ते बावन्नच कसे आले?” दोघेही हसलो. मग तिने आपण होऊन तेच नाणे घेतले आणि आम्ही आणखी शंभर फेकी केल्या. या वेळी मी लिहून घेत होतो आणि दिवाणाखाली खराटा घालायचे कामही माझ्याकडेच होते. छापे ४७ पडले. “बघ,” ती म्हणाली, “म्हणजे तेव्हाचंच चुकलं होतं.” मी म्हणालो की चुकले काही नव्हते, आता दोनशेत एकशे सहा झाले आहेत. तिला हे पटले असे मला वाटले नाही. पण मग तिने ते जुने पान काढले आणि टेबलावरचा दिवा वाकवून त्याचा उजेड कागदावर तिरपा पाडला. पेन्सिल दाबून लिहायची तिची सवय. शिसे पुसले गेले होते, पण खोडलेल्या जागी ‘का’च्या खाली पहिल्या अक्षराची खाच तशीच होती. चौथ्या ओळीच्या शेवटापासून तिने बोट फिरवायला सुरुवात केली आणि हलक्या आवाजात वाचत गेली. छ, छ, छ. पानाच्या वळणावर ती क्षणभर थांबली आणि पुढच्या ओळीवर आली. छ, छ, छ, छ.